द्वितीय पुरुषाचे साहस : एक संगणकीय संहिता आणि खडकीच्या लढाईचे स्मरण

५ नोव्हेंबर १८१७ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, खडकीच्या माळावर पेशव्यांच्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांमध्ये लढाई झाली. २०१७ साली या घटनेला दोनशे वर्षे पूर्ण झाली. अशा दिवसाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न वरकरणी कोशकाराचा वाटेल. पण तो समीक्षेचाही आहे. जन्माची आपण जयंती करतो, मृत्यूची पुण्यतिथी, संस्थेचा वर्धापनदिन, घरातून गेलेल्या माणसाचे वर्षश्राद्ध. जिंकलेल्या लढाईचा विजयदिन होतो, नाहीतर शौर्यदिन. हरलेल्या लढाईच्या दिवसासाठी मात्र रूढ शब्द नाही. पानिपताने निदान वाक्प्रचारात घर केले : एखाद्याचे 'पानिपत होते', आणि 'विश्वास पानिपतातच गेला' ही कोटी आजही कुणी स्पष्ट करून सांगावी लागत नाही. खडकीचे तेवढेही झाले नाही. खडकी म्हटले की दारूगोळ्याचा कारखाना, छावणी आणि लोहमार्गावरचे स्थानक आठवते. ज्या लढाईनंतर बाराव्या दिवशी पुणे कंपनीच्या ताब्यात गेले, तिचे नाव भाषेत रुजले नाही, ही गोष्ट केवळ विस्मरणाने समजावून देता येईल असे वाटत नाही.

स्मरण ही एक कथनकृती आहे असे मानले, तर तिच्यातील निवेदक कोण, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे तिचा श्रोता कोण, हे विचारावे लागते. मराठी समीक्षेने निवेदकाचा बराच विचार केला आहे. श्रोत्याच्या व्याकरणिक पुरुषाचा त्या मानाने फार कमी. आपल्या कथात्म साहित्यात द्वितीय पुरुष क्वचितच येतो, हे त्याचे एक कारण असावे. म्हणून येथे प्रथम अशी एक संहिता पाहावयाची आहे, की जिच्यात द्वितीय पुरुषाखेरीज दुसरे पात्रच नाही. ती साहित्याच्या इतिहासात मोडत नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

ही संहिता म्हणजे 'ॲडव्हेंचर', अथवा 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर', हा संगणकीय खेळ. विल क्राउदर या प्रोग्रामरने तो १९७५-७६ च्या सुमारास फोर्ट्रान या संगणकभाषेत लिहिला. क्राउदर अर्पानेट या संगणकजालाच्या उभारणीत काम करीत होता आणि त्याला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. पत्नी पॅट्रिशिया हिच्यासह त्याने केंटकी राज्यातील मॅमथ केव्हच्या परिसरातील गुहांचे सर्वेक्षण केले होते. १९७२ साली दोन प्रचंड गुहाप्रणाली आतून जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीने सिद्ध केले, तिच्यात पॅट्रिशिया होती. पुढे दोघे विभक्त झाले. त्यानंतर आपल्या दोन मुलींसाठी काहीतरी करावे म्हणून क्राउदरने हा खेळ रचला. १९७७ साली स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स याने क्राउदरच्या संमतीने तो वाढवला. त्यात खजिना, जादू आणि साडेतीनशे गुणांची मोजणी आली. 'ॲडव्हेंचर गेम' हे साऱ्या प्रकाराचे नाव या एका खेळावरून पडले.

खेळात चित्र नाही. पडद्यावर चार ओळींचे वर्णन उमटते : खेळणारा कोठे उभा आहे, समोर काय आहे, वाटा कोणत्या दिशांना जातात. खेळणाऱ्याने एक वा दोन शब्दांची आज्ञा टंकावयाची, मग पुढचे वर्णन येते. आरंभीच प्रोग्राम खेळणाऱ्याला सांगतो, की मी तुझे डोळे आणि हात होईन. दिव्याची बॅटरी मर्यादित आहे. अंधारात पाऊल टाकले तर खड्ड्यात पडून मृत्यू येऊ शकतो. मेल्यावर प्रोग्राम, काहीशा नाखुषीने, पुन्हा जिवंत करण्याची तयारी दाखवतो. गुण कापले जातात, आणि ही कृपाही अमर्याद नाही. मेरी ॲन बकल्स यांनी १९८५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात या खेळावर प्रबंध सादर केला, तेव्हा साहित्याच्या विभागात अशा विषयाला जागा मिळणे नवलाचे होते. २००७ साली डेनिस जेर्झ यांनी क्राउदरची मूळ आज्ञावली उजेडात आणली आणि प्रत्यक्ष गुहेशी ती ताडून पाहिली, तेव्हा खेळातील पुष्कळसा भूगोल खऱ्या गुहेचा निघाला. म्हणजे हा खेळ केवळ कल्पित नव्हता. जेथे दोघांनी मिळून नकाशा काढला होता त्या जागेकडे, एकट्याने, शब्दांच्या वाटेने परतणे होते.

नॉर्वेचे अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात साहसखेळाचा जो विचार केला, त्यात एक संकल्पना कळीची आहे. साहसखेळाला कथानक नसते, कारस्थान असते, असे ते मानतात. आणि खेळणारा हा त्या कारस्थानाचे स्वेच्छेने झालेले लक्ष्य असतो. काय रचले आहे हे त्याला ठाऊक नसते, पण काहीतरी रचले आहे एवढे ठाऊक असते. 'कारस्थान' हा शब्द मराठीत लिहिताच त्याला उत्तर पेशवाईचा वास येतो. तो येथे टाळावयाचा नाही.

आता ही संहिता मराठीत आणावयाची झाली तर काय होईल? हा प्रश्न कुणी गंभीरपणे विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही, परंतु तो विचारताच इंग्रजीत झाकलेली एक गोष्ट उघडी पडते. इंग्रजीतील संबोधन लिंगनिरपेक्ष आहे आणि आदर-अनादराच्या पलीकडचे आहे. मराठीत पहिल्याच वाक्यात निर्णय घ्यावा लागतो : 'तू उभा आहेस' की 'तू उभी आहेस'? 'तुम्ही' म्हणून सुटका नाही, कारण 'उभे आहात' आणि 'उभ्या आहात' हा भेद तेथेही राहतोच. ज्या मुलींसाठी हा खेळ लिहिला गेला, त्यांना मराठी प्रोग्रामने 'उभी आहेस' असेच म्हणावे लागले असते. आणि मग जगभर तो खेळणाऱ्या हजारो तरुणांना, क्षणभर का होईना, स्त्रीलिंगी होऊन गुहेत उतरावे लागले असते. उलट दिशेनेही हेच. खेळणारा प्रोग्रामला आज्ञा देतो ती 'दिवा घे' की 'दिवा घ्या'? जो आपले डोळे आणि हात झाला, त्याला मराठी माणूस कोणत्या नात्याने हाक मारील? सेवक म्हणावा तर तो गुण कापतो. गुरू म्हणावा तर आज्ञा पाळतो.

अदबीने बोलणारा सेवक मराठीत 'आपण' म्हणतो. आणि येथे आपल्या भाषेतील एक विलक्षण सर्वनाम समोर येते. 'आपण' हे स्वतःविषयी असते, आदरार्थी द्वितीय पुरुषाचे असते, आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारे प्रथम पुरुषाचे अनेकवचनही असते. 'आम्ही' ज्याला वगळते, त्याला 'आपण' आत घेते. यांतील नेमके काय अभिप्रेत आहे, हे बरेचदा वाक्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत कळत नाही. 'आपण हरलात' असे खेळ म्हणतो. 'आपण हरलो' असे स्मरण म्हणते. खडकीविषयीचे सारे मराठी कथन या एका प्रत्ययाच्या फरकावर तोलून पाहता येते, असे माझे म्हणणे आहे.

लढाईची हकीकत थोडक्यात अशी. रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरील रेसिडेन्सी सोडून खडकीच्या फौजेत दाखल झाला. मागे रेसिडेन्सी जाळली गेली, तिच्यात त्याची पुस्तके आणि कागद गेले. पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने पसरली. कंपनीचे सैन्य तीन हजारांच्या आतबाहेर, पेशव्यांचे त्याच्या अनेक पटींनी मोठे. कर्नल बर याने वाट न पाहता पुढे चाल केली, दापोडीहून फोर्डची पलटण त्याला येऊन मिळाली. बापू गोखल्यांनी निवडक घोडदळ घालून कंपनीच्या डाव्या बगलेवर हल्ला चढवला. पण त्या बगलेपुढे दलदलीची जमीन होती, तिची कल्पना ना हल्ला करणाऱ्यांना होती, ना ज्यांच्यावर हल्ला होत होता त्यांना. घोडी चिखलात फसली. मोर दीक्षित पडले. ग्रँट डफच्या आकड्यांप्रमाणे कंपनीकडील मृत आणि जखमी मिळून ८६, पेशव्यांकडील सुमारे ५००. बाजीराव हे सारे पर्वतीवरून पाहत होता. फौज निघताना जरीपटक्याची काठी मोडली, अशीही आठवण सांगितली जाते.

या हकीकतीचे मराठीतील पुनःकथन बहुतेक वेळा साहसखेळ खेळणाऱ्याच्या रीतीने होते. चूक कोठे झाली? बाजीराव पर्वतीवर गेला नसता तर? तो चिखल आधी हेरला असता तर? कंपनीचे शिपाई फितवण्याचा बेत उघडा पडला नसता तर? गोखल्यांना दोन दिवस आधी मोकळीक मिळाली असती तर? प्रत्येक 'तर' ही मागे जतन करून ठेवलेल्या जागेवरून पुन्हा खेळण्याची परवानगी असते. या वाचनात इतिहास ही एक भुलभुलैयाची गुहा आहे, तिला बाहेर पडण्याची एक योग्य वाट आहे, आणि ती वाट न सापडणे हा कुणाचातरी दोष वा कुणाचेतरी कारस्थान आहे. ना. सं. इनामदारांनी 'मंत्रावेगळा'मध्ये बाजीरावावरील आरोपपत्र फेरतपासायला घेतले, हे मोठेच काम होते. पण आरोपीची निर्दोषता सिद्ध करणे हेही शेवटी चूक कोणाची या प्रश्नाच्याच चौकटीत राहते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर सही झाली, तेव्हाच बहुतेक वाटा बुजल्या होत्या. १८१७ च्या नोव्हेंबरात चिखल नसता तर लढाईचा निकाल कदाचित लांबला असता. त्याहून अधिक काय झाले असते, हे सांगताना मराठी कथनकाराचा आवाज खाली येतो.

म्हणूनच असेल, मराठीत पर्यायी इतिहासाची जी सर्वांत सुंदर कथा लिहिली गेली ती खडकीवर नाही, पानिपतावर आहे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून जिजामाता एक्सप्रेसने मुंबईला जातात, ती मुंबई भलतीच निघते, आणि टाउन हॉलमधील ग्रंथालयात त्यांना स्वतःच्याच इतिहासग्रंथाच्या पाचव्या खंडात इतिहास कोठे फुटला ते सापडते : पानिपतावर विश्वासरावांना गोळी चाटून गेली. या कथेचा इंग्रजी अवतार अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाला, तो 'द ॲडव्हेंचर' या शीर्षकाने. क्राउदरच्या खेळाचे नावही तेच. हा योगायोग आहे, पण निरर्थक नाही. दोन्हीकडे एक सूक्ष्म फाटा, आणि दोन्हीकडे परतण्याची सोय.

या कथेतील स्मारकसभेकडे मात्र समीक्षेने पुरेसे पाहिलेले नाही. अपघातापूर्वी गंगाधरपंत पानिपतावरील व्याख्यानाच्या विचारात असतात. ते त्यांचे हजारावे अध्यक्षीय भाषण व्हावयाचे असते. पलीकडच्या जगात आझाद मैदानावर व्याख्यान चाललेले त्यांना दिसते, आणि व्यासपीठावरील अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसताच ते तीत जाऊन बसतात. श्रोते त्यांना अंडी आणि टोमॅटो मारून उठवतात. जेथे पानिपत जिंकले गेले, तेथे स्मरणाला अध्यक्ष लागत नाही! पुणेकर सभाजीवनावरची ही कोटी मनोहर आहेच. पण तिच्यामागे असा एक तर्कही आहे, की 'आपण हरलो' हे वाक्य सर्वांच्या वतीने उच्चारण्यासाठी कुणीतरी खुर्चीत बसावे लागते. अध्यक्ष हा त्या 'आपण'चा व्याकरणिक कर्ता असतो.

नारळीकरांनी पुढे १९८८ मध्ये आयुका ही संस्था उभारली, ती गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात, म्हणजे खडकीच्या रणभूमीला लागून. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. देवनागरीला संगणकाच्या पडद्यावर आणणाऱ्या जिस्ट तंत्रज्ञानाचा विस्तार तिने केला. 'उभा' की 'उभी' हे संगणकाला मराठीत म्हणता येईल, अशी सोय ज्या ठिकाणांहून झाली त्यांतले एक ठिकाण हे. भूगोलाच्या या योगायोगावर मी सिद्धान्त उभारू इच्छित नाही.

खडकीला फाटा का फुटत नाही, याचे उत्तर 'आपण' या शब्दात आहे. गोपाळ हरी देशमुख यांचे वडील बापू गोखल्यांच्या पदरी होते, त्यांच्याकडील हिशेब सांभाळीत. ज्या घराची भाकरी गोखल्यांच्या तिजोरीशी बांधलेली होती, त्या घरातला हा मुलगा १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये लोकहितवादी या नावाने पत्रे लिहू लागला, आणि त्या पत्रांत गेलेल्या राज्याविषयी हळहळ नव्हे, उलटतपासणी आहे. लढाईला तेव्हा अवघी एकतीस वर्षे झाली होती. 'आपण हरलो' हे म्हणण्याचा सर्वाधिक अधिकार ज्याला होता, त्यानेच त्या वाक्यातील 'आपण' कोण, असा प्रश्न उभा केला. पंचवीस वर्षांनी फुल्यांच्या 'गुलामगिरी'त तो प्रश्न न राहता उत्तर झाला.

आणि खडकीनंतर सत्तावन्न दिवसांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. तेथील स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे आहेत. त्यांतील 'नाक' हा प्रत्यय लागलेली नावे महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, आणि कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारलेला दगड एका वेगळ्याच 'आम्ही'चा झाला. येथे शब्दाची अडचण नाही : तो शौर्यदिन आहे, मानवंदना आहे. १ जानेवारी २०१८ रोजी, द्विशताब्दीच्या दिवशी, तेथे जो हिंसाचार झाला त्याने हेही दाखवून दिले, की स्मरणातील सर्वनामाचा वाद व्याकरणाच्या पुस्तकात मिटत नाही. एकच युद्ध, एकाच ऋतूतील दोन लढाया. एकीचे स्मरण लाखो माणसे चालत येऊन करतात, दुसरीला नावही नाही. याचे कारण लढायांच्या आकारात शोधणे व्यर्थ आहे. कोरेगावचे कथन 'आम्ही'ने सुरू होते आणि म्हणून ते बोलता येते. खडकीचे कथन 'आपण'ने सुरू करावे लागते, आणि तो 'आपण' १८१७ सालीही अस्तित्वात होता की नाही, याची शंका आहे.

ही शंका रणभूमीवरच उभी आहे. कंपनीच्या मुंबई फौजेतील शिपायांत कोकणातली आणि देशावरली माणसे होती. ती घरी मराठी बोलत. पेशव्यांच्या बाजूने कवायती पलटण घेऊन जो पुढे सरसावला तो दि पिंतो नावाचा पोर्तुगीज सरदार, आणि पेशव्यांच्या फौजेत अरब होते, गोसावी होते. सर्वनामांची सीमारेषा फौजांच्या सीमारेषेवरून जात नव्हती.

ग्रँट डफ त्या दिवशी तेथे हजर होता. १८२६ साली आपल्या इतिहासात हा प्रसंग लिहिताना, पेशव्यांच्या फौजेचे येणे कसे दिसले हे सांगण्यासाठी त्याने खंबायतच्या आखातात भरतीचे पाणी भिंतीसारखे उठून येते त्याची उपमा दिली. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांनाच ही कल्पना येईल, असा तिचा रोख. म्हणजे त्यालाही आपला श्रोता निवडावा लागला, आणि ज्याने खंबायत पाहिले नाही त्याला बाहेर ठेवावे लागले. लंडनमध्ये पुस्तक विकत घेणाऱ्या किती जणांनी ते पाहिले असेल? पुढे कॅप्टन केपन आणि बाबा साने यांनी हा ग्रंथ मराठीत आणला, 'मराठ्यांची बखर' या नावाने. शत्रुपक्षाच्या प्रत्यक्षदर्शीने लिहिलेला इतिहास 'बखर' होऊन मराठी शाळांत शिरला, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी आपल्या पराभवाचे वर्णन त्या उंचीवरून, त्या डोळ्यांनी वाचले. मी तुझे डोळे आणि हात होईन, हे प्रोग्रामचे आश्वासन येथे वेगळ्याच अर्थाने खरे झाले. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी या ग्रंथावर टीका लिहिली, ती पुराव्यांविषयी होती. दृष्टिस्थानाविषयीची टीका अजून पुरती झालेली नाही.

कोणी खडकीवर मराठीत असा शब्दांचा खेळ रचावयास बसला, तर त्याच्यापुढची पहिली अडचण नकाशाची नसेल. गणेशखिंड, मुळा, दापोडी, संगम, पर्वती या सर्व जागा अजून तेथेच आहेत. अडचण पहिल्या वाक्याची येईल. खेळणाऱ्याला पर्वतीवर उभे करावे, गोखल्यांच्या घोडदळात, दि पिंतोच्या पलटणीत, की ज्या शिपायांवर ते घोडदळ चालून येत आहे त्यांच्यात? रेसिडेन्सीला आग लागली तेव्हा संगमावर जी बाई पाणी भरत असेल, तिच्या जागी उभे करावे का? मग 'उभा' लिहिता येणार नाही. आणि वाक्याच्या शेवटी, चिखलात पाय गेल्यावर, पडद्यावर 'आपण' या शब्दानंतर कोणता प्रत्यय उमटवावयाचा, हे त्याला आधी ठरवावे लागेल.